परिशिष्ट ब

‘‘डोळं मिटा मॅडम,’’ आप्पा म्हणाले.

मी मिटले. त्यांनी माझ्या हातात एक कोअर ठेवला, थोड्या वेळानं तो काढून घेऊन दुसरा ठेवला.

‘‘कुठला चांगला?’’

‘‘दोन्ही सारखेच लागतायत.’’

‘‘सारखं न्हाईत. पयल्याच्या कडंला नख फिरवा. हळू. वाळू सुटती का बगा. आता दुसऱ्याच्या. आता टिचकी मारा. आवाज ऐका. पयला ठक्क वाजतोय, दुसरा भद्द. भद्द वाजला की समजायचं, आतनं कच्चा हाय.’’

मला नखाला काही कळलं नाही आणि आवाजातला फरकही तिसऱ्या खेपेला जेमतेम समजला. डोळे उघडले तर आप्पा मगदूम समोरच्या बाकड्यावर बसून माझ्याकडे बघत होते. बघत होते असं मला वाटलं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत मी तेव्हा क्वालिटी इनचार्ज होते. ओतकामाच्या तुकड्याच्या आत जी पोकळी हवी असते, तिच्या आकाराचा वाळूचा ठोकळा आधी करून साच्यात ठेवतात. तो कोअर. तो कच्चा राहिला किंवा तडकला, तर वर ओतलेला लोखंडाचा अख्खा तुकडा भंगारात जातो. म्हणून साच्याकडे जाण्याआधी प्रत्येक कोअर तपासायचा, आणि ते काम करणारी चार माणसं आमच्याकडे होती. आप्पासो मगदूम त्यांतले सगळ्यांत जुने. एकतीस वर्षं त्याच बाकड्यावर बसलेले.

मी त्यांच्यामागे लागले होते ती माझ्या अभ्यासासाठी. नोकरी करणाऱ्यांसाठी असतो तो दोन वर्षांचा एक्झिक्युटिव्ह एमबीए मी करत होते. आमच्या धाकट्या मालकांना, रणधीर साहेबांना, हौस होती. आपल्या फौंड्रीतली दोन माणसं शिकून यावीत, बाहेरचे सल्लागार आणून बसवण्यापेक्षा आपलीच माणसं तयार व्हावीत, असं त्यांनी ठरवलं. एक मी निवडली गेले आणि दुसरा अकाउंट्सचा श्रीपाद नेर्लेकर. एक आठवडा सोडून दर शनिवार-रविवार पुण्यात वर्ग. शुक्रवारी काम संपवून आम्ही श्रीपादच्या गाडीनं निघायचो आणि रविवारी परत. पुण्यात मी कोथरूडला मावसबहिणीकडे उतरायचे, तो त्याच्या मित्राकडे.

एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसणं सोपं नसतं. पहिल्या परीक्षेत तीन तास सलग लिहून माझा अंगठा असा आखडला, की दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता येईनात. वर्गात बँकेचे मॅनेजर होते, संगणकवाले होते, दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या, एक निवृत्त कर्नल होते. सगळे आपापल्या कामाचे बादशहा आणि वर्गात मात्र मागच्या बाकासाठी धावणारे. मला ताळेबंद म्हटलं की घाम फुटायचा. आयुष्यभर वाळू नि लोखंड बघितलेली मी. कराडच्या अलीकडे चहाला थांबलो, की श्रीपाद हॉटेलच्या बिलामागे उभ्या-आडव्या रेघा मारून मला शिकवायचा. ‘‘कल्याणी, हे असं समज, हे तुझं घर आहे,’’ असं म्हणून सुरू करायचा आणि दोन चहा होईपर्यंत मला समजलेलं असायचं. त्याला फौंड्रीतलं काही कळत नव्हतं, ते मी त्याला सांगायचे. भट्टी म्हणजे काय इथपासून.

तिसऱ्या सहामाहीत माझे वडील सांगलीला दवाखान्यात होते. मला पुण्याच्या दोन फेऱ्या चुकवाव्या लागल्या. श्रीपादनं सगळी व्याख्यानं फोनवर रेकॉर्ड करून आणली आणि मंगळवारी कामावरून सुटल्यावर तो थेट सांगलीला आला. वॉर्डाबाहेरच्या लोखंडी बाकावर बसून त्यानं मला दोन प्रकरणं समजावून दिली. आतून नर्स आली, की थांबायचा, ती गेली की पुढे सुरू. वडील गेले तेव्हाही तो स्मशानात शेवटपर्यंत थांबला होता. भाऊ नाही मला. माझ्या नवऱ्यानं तेव्हा म्हटलं होतं, ‘‘असा माणूस मिळायला भाग्य लागतं.’’ मलाही तसंच वाटायचं.

शेवटच्या सहामाहीत प्रकल्प होता. आपल्याच कंपनीतला एक खरा प्रश्न घ्यायचा, त्याचा अभ्यास करायचा, शिफारशी द्यायच्या. जोडीनं केला तरी चालणार होता. आम्ही दोघांनी मिळून कोअर शॉप, म्हणजे कोअर करून तपासायचा विभाग, घेतलं, कारण त्या वर्षी भंगारात जाणारा माल वाढला होता आणि रणधीर साहेबांचं डोकं त्यावरून तापलेलं असायचं. मी मागच्या अठरा महिन्यांची रजिस्टरं काढली. ज्या पाळीत आप्पा तपासायला असत, त्या पाळीत बाद होणारा माल इतर पाळ्यांच्या निम्म्याहूनही कमी होता. एखाददुसऱ्या महिन्याची गोष्ट नव्हे, सलग अठरा महिने.

असं का होतं, हे शोधायला मी तीन आठवडे त्यांच्या बाकड्याशी बसत होते. वही घेऊन. ते उडवून लावायचे. ‘‘अनुभव असतोय मॅडम.’’ ‘‘हात बसलाय, आनि काय.’’ आणि मग त्या दिवशी दुपारी त्यांनी मला डोळे मिटायला लावले.

‘‘तुमी डोळं मिटून जसं बगितलं,’’ ते म्हणाले, ‘‘तसंच मी बगतोय. चार वर्सं झाली.’’

मला आधी अर्थच लागला नाही.

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हंजे दिसत न्हाई मला. कडंचं सगळं गेलं. मधलं नळीतनं बगितल्यागत दिसतंय, ते बी धुरकट. काचबिंदू म्हणत्यात. मिरजेला दाखवलंय. गेलेलं परत येत न्हाई म्हणाला डॉक्टर.’’

शेजारी कोअर शॉपमधलाच शिवाजी कांबळे रजिस्टर भरत होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आप्पांचं रजिस्टर नेहमी शिवाजीच भरायचा. आप्पा जेवायला उठले, की कुणीतरी सहज म्हणून त्यांच्या खांद्यावर हात टाकून चालायचं. ट्रॉली येताना पोरं मुद्दाम मोठ्यानं ओरडायची. मला ती त्यांची थट्टामस्करी वाटायची. अख्ख्या कोअर शॉपनं चार वर्षं एक माणूस सांभाळला होता आणि क्वालिटी इनचार्ज असून मला पत्ता नव्हता.

‘‘आप्पा, तुम्ही हे मला का सांगितलंत?’’

‘‘तीन आठवडं खोटं सांगून कटाळलो,’’ ते म्हणाले. ‘‘आनि तुमी आमच्यातल्या हाय. बाकीचं सायब वरनं बगत्यात, तुमी बाकड्यावर बसता. तीन वर्सं ऱ्हायल्यात माझी. तेवढी निघूदेत. कुटं बोलू नगा, एवढंच.’’

‘‘नाही बोलणार,’’ मी म्हणाले. ‘‘माझ्याबाहेर जाणार नाही.’’

पण मी ते वहीत लिहिलं. लिहिल्याशिवाय राहवेनाच. डोळे जायला लागल्यावर त्यांच्या बोटांनी काय काय शिकून घेतलं ते सगळं त्यांनी मला पुढच्या आठ दिवसांत सांगितलं होतं. कोअरच्या कोणत्या बाजूला आधी नख लावायचं, ऊब किती असली की तो अजून पक्का व्हायचाय, हवेत दमटपणा असला की टिचकीचा आवाज कसा बदलतो. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. माझ्या मनात प्रकल्पाची शिफारस तयार होत होती: या माणसाच्या हाताखाली दोन वर्षं सहा जणांना बसवा, त्यांना हे शिकू द्या, आणि त्याचं सगळं लिहून ठेवा. वहीत मी त्यांचं नाव घातलं नाही. ‘कामगार क्र. ७’ असं लिहिलं. त्या भागाला नाव दिलं, परिशिष्ट ब.

त्यानंतरच्या शुक्रवारी पुण्याला जाताना मी गाडीत गप्प होते. पेठनाका गेल्यावर श्रीपाद म्हणाला, ‘‘आज काय झालंय तुला? बोलत नाहीयेस.’’

‘‘काही नाही.’’

‘‘काहीतरी आहे.’’

आणि मी सांगितलं. सगळं. आप्पांचं नाव घेऊन. मला ते एकटीनं पोटात ठेवता येईना. इतकं सुंदर काहीतरी सापडलंय असं वाटत होतं. श्रीपादनं गाडीचा वेग कमी केला, बाजूला घेतली, आणि खरंच, त्याचे डोळे भरून आले होते.

‘‘बापरे,’’ तो म्हणाला. ‘‘कल्याणी, हाच आपला प्रकल्प.’’

‘‘हे आपल्या दोघांतच हं श्रीपाद. मी शब्द दिलाय त्यांना.’’

‘‘अगं, हे मला सांगायला हवं का?’’

रविवारी मी त्याला वही दिली. टाईप करायचं काम त्याच्याकडे होतं.

आमचे मार्गदर्शक तांबवेकर सर कडक होते, कुणाला सहजासहजी चांगलं म्हणायचे नाहीत. कच्चा मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘‘तुमचं हे परिशिष्ट ब म्हणजे या प्रकल्पाचा प्राण आहे,’’ ते म्हणाले. ‘‘बाकी आकडे कुणीही गोळा करेल.’’ शिफारशी श्रीपादनंच लिहिल्या होत्या, मी सांगितल्या तशाच. सहा जण, दोन वर्षं, ज्येष्ठ कामगाराच्या हाताखाली प्रशिक्षण. वाचताना मला त्याचा अभिमान वाटला.

अहवाल संस्थेत दिल्यावर दहा-बारा दिवसांनी रणधीर साहेबांचा निरोप आला. सोमवारी अकरा वाजता दोघांनी मिळून सगळ्या विभागप्रमुखांसमोर प्रकल्प मांडायचा.

‘‘स्लाइड मी करतो,’’ श्रीपाद म्हणाला. ‘‘तू फक्त पहिला भाग बोल, रजिस्टरं आणि आकडे. शिफारशी मी बोलतो. मला त्यांची भाषा माहीत आहे.’’

‘‘परिशिष्ट ब नको हं घेऊ.’’

‘‘नाही ग.’’

सोमवारी मी माझा भाग बोलले. चांगलं झालं. चार तपासनिसांचा आलेख दाखवला, त्यांतला एक कसा वेगळा उठून दिसतो ते दाखवलं. रणधीर साहेब पुढे झुकून ऐकत होते. मग मी खाली बसले आणि श्रीपाद उभा राहिला.

त्याची पहिली स्लाइड आली: ‘कोअर शॉप: जोखीम’. मला वाटलं, हे मालाच्या जोखमीबद्दल असेल. दुसऱ्या स्लाइडवर अवतरणचिन्हांत एक वाक्य होतं. ‘कडेचं सगळं गेलं. मधलं नळीतून बघितल्यासारखं दिसतं.’ खाली लिहिलं होतं: एका तपासनिसाचं कथन, संकलन – कल्याणी इंगवले.

श्रीपाद शांतपणे बोलत होता. आपला सगळा माल ज्या एका माणसाच्या तपासणीवर तरून जातोय, त्या माणसाला दिसत नाही. बाकीचे कामगार हे लपवतात. उद्या तो ट्रॉलीखाली आला तर जबाबदार कोण? आणि तीन वर्षांनी तो निवृत्त झाल्यावर काय? त्याची कला शिकवायची म्हटली तर दोन वर्षं जातील आणि यशाची खात्री नाही. शेवटची स्लाइड: ‘शिफारस: कोअर शॉप टप्प्याटप्प्यानं बंद करून कोअर बाहेरून घेणे.’ त्याखाली आमची दोघांची नावं.

रणधीर साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

‘‘मॅडम, हे खरं आहे? हे तुम्ही स्वतः नोंदवलंय?’’

मी श्रीपादकडे बघितलं. तो लॅपटॉपच्या वायरीशी काहीतरी करत होता.

‘‘हो,’’ मी म्हणाले. ‘‘खरं आहे.’’

‘‘कोण माणूस?’’

मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले.

‘‘मगदूम,’’ श्रीपाद म्हणाला.

एवढंच झालं. सगळं मिळून अर्धं मिनिटही नसेल. ही शिफारस माझी नाही, आमच्या अहवालात उलटं लिहिलंय, असं मला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. मी ते घरी जाताना स्कूटरवर मोठ्यानं बोलले. खोलीत नाही बोलले. रणधीर साहेब टाळ्या वाजवत उठले आणि म्हणाले, ‘‘याला म्हणतात शिक्षण,’’ आणि सगळ्यांबरोबर मीही उठून उभी राहिले.

दुपारी मी श्रीपादच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं.

‘‘का केलंस?’’

‘‘बस आधी.’’

‘‘बसत नाही. का केलंस, सांग.’’

‘‘मी खोटं काय लिहिलं, ते तू सांग.’’ त्याचा आवाज चढला नव्हता. मला समजावून द्यायचा तसाच होता. ‘‘एक आंधळा माणूस भट्टीच्या आवारात फिरतोय. तू क्वालिटीची आहेस. तू ते लपवायला निघाली होतीस. उद्या काही झालं असतं, तर तुला झोप लागली असती?’’

‘‘मग मला सांगायचंस. आपण त्यांना दुसरं बसून काम देऊ, असं म्हणता आलं असतं. तू कोअर शॉपच बंद करायला सांगितलंस. सव्वीस माणसं आहेत तिथे.’’

‘‘रणधीर साहेबांना ते दोन वर्षांपासून बंद करायचंय. त्यांना फक्त कारण हवं होतं.’’

‘‘आणि तू ते दिलंस.’’

‘‘आपण दिलं,’’ तो म्हणाला. ‘‘कंपनीनं आपल्याला पुण्याला पाठवलं ते कशासाठी? गोष्टी सांगायला?’’

‘‘मी तुला विश्वासानं सांगितलं होतं श्रीपाद. तुझ्या गाडीत. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं.’’

‘‘ते खरं होतं,’’ तो म्हणाला, आणि मला अजूनही वाटतं, की ते खरंच होतं. ‘‘पण कल्याणी, साहेबांनी तुला विचारलं. तू हो म्हणालीस.’’

मी दार उघडून बाहेर आले. त्याच्या गाडीत मी पुन्हा कधी बसले नाही.

पुढच्या आठवड्यात फौंड्रीत नेत्रतपासणी शिबिर लागलं. फाटकावर कापडी फलक लावला, कामगारांच्या आरोग्यासाठी म्हणून. मालकांनी पेढेही वाटले. कॅन्टीनमध्ये टेबलं लावून तीन डॉक्टर बसले होते. कोअर शॉपचा नंबर आला तेव्हा मी रजिस्टर घेऊन तिथेच होते, मला थांबायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी आप्पांना समोर बघायला सांगितलं. ‘‘आता माझं बोट बाजूनं आणतो. दिसलं, की सांगा.’’

डॉक्टरांचा हात अजून मांडीवरच होता.

‘‘दिसलं,’’ आप्पा म्हणाले.

रांगेत मागे शिवाजी कांबळे उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. हे कुणाकडून बाहेर गेलं ते आधी त्याला कळलं नव्हतं, त्या क्षणी कळलं. मी रजिस्टरात डोकं खुपसलं.

आप्पांना महिनाअखेर घरी पाठवलं. निरोप समारंभ झाला, शाल दिली. मी त्या दिवशी रजा टाकली. पुढच्या चार महिन्यांत कोअर शॉप बंद झालं. काही माणसं फेटलिंगला घेतली, ओतलेल्या तुकड्यांच्या कडा घासायच्या धुळीच्या कामावर, बाकीची गेली. मी आत गेले, की बोलणी थांबायची. कुणी वाईट बोललं नाही. पूर्वी पाळी बदलताना कुणी ना कुणी ‘मॅडम, चा घ्या की’ म्हणायचं, ते कुणी म्हणेनासं झालं.

पुण्यात मात्र आमचा जुना अहवालच दाखल होता. त्यात आप्पांच्या हाताखाली सहा जणांनी शिकावं अशी शिफारस होती. त्या वर्षीचा उत्कृष्ट प्रकल्प म्हणून तो निवडला गेला. मानवी दृष्टिकोनासाठी, असं प्रशस्तिपत्रकात छापलं होतं. पदवीदानाला मी एसटीनं गेले. आमची नावं एकामागून एक पुकारली. श्रीपाद आधी गेला, मग मी, आणि छायाचित्रकारानं आम्हाला दोघांना ते पत्र मिळून धरायला सांगितलं. मी धरलं. श्रीपादची बायको खाली टाळ्या वाजवत होती, तिला काहीच माहीत नव्हतं. तांबवेकर सरांनी विचारलं, ‘‘मग, सुरू झालं का प्रशिक्षण?’’ श्रीपाद म्हणाला, ‘‘प्रक्रिया चालू आहे सर.’’ तेव्हाही मी बोलले नाही.

श्रीपाद त्या दिवाळीत आमच्या फौंड्रीचा जनरल मॅनेजर झाला. पुढे तो मोठ्या कंपनीत गेला, आता चेन्नईला असतो असं ऐकते. मी वर्षभरानं नोकरी सोडली. पदवीमुळेच मला चांगली जागा मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आप्पांकडे मी गेले ती पदवीदानानंतरच्या रविवारी. पट्टणकोडोलीत विचारत विचारत घर शोधलं. सकाळचे दहा वाजले असतील. आप्पा सोप्यात खुर्चीवर बसले होते, पांढरा सदरा, दाढी केलेली. त्यांच्या मंडळींनी, आक्कांनी, मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला, पण ‘या’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

‘‘इंगवले मॅडम?’’ आप्पांनी मान माझ्याकडे वळवली, पण थोडी चुकीच्या बाजूला. ‘‘बसा की.’’

मी समोर बसले. येताना सगळं ठरवून आले होते. श्रीपादनं मला कसं फसवलं, मी नाव लिहिलं नव्हतं, मी नको म्हटलं होतं, अहवालात काय होतं आणि त्यानं काय दाखवलं. बसमध्ये हे सगळं चारदा मनात म्हणून झालं होतं. अहवालाची प्रत पिशवीत होती.

‘‘एक इचारू?’’ आप्पा म्हणाले.

‘‘विचारा.’’

‘‘त्या नेर्लेकर सायबाला कुणी सांगिटलं? शिवाजी म्हणतोय तुमी. मी म्हटलं, न्हाई. त्यानं रजिस्टरं बगून वळकलं असंल.’’

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. आक्का ऐकत असणार.

रजिस्टरावरून ओळखलं, असं मी म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. मानायला ते तयारच बसले होते.

‘‘मी सांगितलं,’’ मी म्हणाले. ‘‘पुण्याला जाताना. गाडीत.’’

खुर्चीच्या हातावर आप्पांचा तळवा सपाट ठेवलेला होता, तो हलला नाही.

‘‘का वो?’’

त्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

‘‘मला वाटलं, तो माझा माणूस आहे,’’ मी म्हणाले.

आप्पांनी मान हलवली. समजल्यासारखी.

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘मला बी तसंच वाटलं हुतं. तुमच्याबद्दल.’’

आक्का चहा घेऊन आल्या. एक कप त्यांनी आप्पांच्या हातात नीट धरवला, दुसरा माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. मी तो घेतला आणि संपवला. आप्पांनी पाऊसपाण्याचं विचारलं, माझ्या मुलीचं विचारलं, ती दहावीला गेली का म्हणून. मी उत्तरं दिली. उठताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा त्यांनी पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

‘‘ऱ्हाऊदे मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘एसटी चुकंल तुमची.’’